पिन कोड दोनदा लिहा अन् बारा आकडी संख्येची कुंडली काढा

भाचा लातूरला असतो, क्लाससाठी. दिवाळीत ताई माहेरी आली तेव्हा तो बी संभाजीनगरला आला, अन् आल्या आल्या चहा बी न घेता मला विचारायलाय, "मामा, तुमचा पिन कोड काय?" मला वाटलं काहीतरी पार्सल मागवायचं असंल, म्हणलं ४३१००१. त्यानं पाठकोऱ्या कागदावर तोच आकडा शेजारी शेजारी दोनदा लिहिला, ४३१००१४३१००१, अन् म्हणला याचे सगळे मूळ अवयव काढा, मोबाइलला हात लावायचा नाही.

बारा आकडी संख्या. वाचायचीच म्हणलं तरी त्रेचाळीस हजार शंभर कोटी चौदा लाख एकतीस हजार एक. पण ही फुटली, अन् चहा संपायच्या आत फुटली. कशी ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या पिनवर, गाडीच्या नंबरवर, कशावरबी करता येईल. अन् फोड झाली की त्या संख्येला कोणकोणती लेबलं लागतात, म्हणजे हर्षद आहे का, तुटीची आहे का, दोन वर्गांची बेरीज होती का, ते बी बघू. लोक उलटं करतात, आधी लेबलं शोधत बसतात. तसं करू नका. आधी फोड, फोड हातात आली की बाकीचं जवळजवळ फुकट मिळतं.

मोबाइल नको म्हणण्यात भाच्याचं बरोबरच होतं, पण कारण वेगळंय. स्प्रेडशीटमध्ये बारा आकडी संख्या टाकली की ती बऱ्याचदा ४.३१ अन् पुढं ई+११ असलं काहीतरी दाखवती. अन् पंधराच्या पुढं आकडे गेले की शेवटचे आकडे गपचूप शून्य होतात, सांगत बी नाही. माझा एकदा अर्धा दिवस त्यात गेलाय, सोळा आकडी नंबरांची यादी चिकटवली अन् प्रत्येकाच्या शेवटी शून्य, मी आपला यादी देणाऱ्यावर चिडायलो. तेव्हा मोठी संख्या ठेवायची तर तो रकाना आधी टेक्स्ट करायचा, मगच आकडे टाकायचे. आपल्याला मात्र आज कागदच पुरतो.

आता कामाला लागू. आधी फुकटच्या कसोट्या, सातवी-आठवीत शिकलेल्याच. शेवटचा आकडा १, म्हणजे २ नाही अन् ५ नाही. आकड्यांची बेरीज करा: ४+३+१+०+०+१ म्हणजे ९, दोनदा लिहिलंय म्हणून १८. ९ नं भाग जातो. भागलं की ४७८८९०४७८८९. याची बेरीज ७२, परत ९ नं जातो, राहतात ५३२१००५३२१. याची बेरीज २२, आता ३ बी जात नाही. म्हणजे ९ दोनदा निघाला, ३×३×३×३, एकूण ८१. इथं बरेच जण एकदा ९ काढून पुढं पळतात अन् दुसरा ९ आतच राहतो. जोवर जातोय तोवर भागायचं, मगच सोडायचं.

मग ७, ११ अन् १३. हे तिन्ही एकदम तपासता येतात, कारण ७×११×१३ बरोबर १००१. संख्येचे उजवीकडून तीन-तीनचे गट पाडायचे अन् एक आड एक अधिक-वजा करायचं. ५३२१००५३२१ चे गट ५, ३२१, ००५, ३२१. उजवीकडून ३२१ वजा ५ अधिक ३२१ वजा ५, आले ६३२. आता दहा आकडी संख्येऐवजी फक्त ६३२ तपासायचे. ७ नं भागलं तर बाकी २, ११ नं बाकी ५, १३ नं बाकी ८. तिन्ही बाद. तेच गट नुसते बेरजेत घेतले तर ३७ कळतो, कारण ९९९ मध्ये ३७ बसतो: ३२१+५+३२१+५ म्हणजे ६५२, ३७ नं बाकी २३, तो बी बाद. ही गटाची युक्ती मला शाळेत कुणी सांगितली नव्हती, ११ ची एक आड एक आकड्यांची तेवढी सांगितली होती, अन् मी दहावीपर्यंत ७ ला घाबरून होतो.

दोन-दोनचे गट पाडले तर १०१ सापडतो. ५३, २१, ००, ५३, २१. उजवीकडून २१ वजा ५३ अधिक ० वजा २१ अधिक ५३. शून्य! शून्य आलं म्हणजे १०१ नं निःशेष भाग जातो.

इथं भाचा हसायला लागला, कारण त्याची खरी खोडी इथंच होती. सहा आकडी संख्या दोनदा लिहिणं म्हणजे तिला १०००००१ नं गुणणं. बघा, ४३१००१ ला दहा लाखानं गुणलं की ती सहा घरं डावीकडं सरकती, मोकळ्या झालेल्या सहा घरांत तीच परत टाकली की झालं. म्हणजे तुम्ही कुठलाबी पिन दोनदा लिहा, त्यात १०००००१ आधीच बसलेला असतोय. अन् १०००००१ म्हणजे १०१×९९०१. पटत नसंल तर तोंडी करा, ९९०१ ची शंभर पट ९९०१००, त्यात ९९०१ मिळवा. तीन आकडी संख्या दोनदा लिहिली तर हाच खेळ १००१ चा होतो, म्हणजे ३४५३४५ दिसलं की ७, ११, १३ आतच आहेत, बघायची बी गरज नाही. जत्रेतले हातचलाखीवाले हेच करत असतेत.

मग उरलं काय, ८१ काढून ५३२१, अन् ९९०१. दोघं बी मूळ संख्या आहेत का हे बघायचं. नियम साधाय: वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा, त्याच्या पुढं जायचं कारण नाही, कारण मोठा अवयव असला तर त्याचा जोडीदार छोटा असतोच अन् तो आधीच सापडला असता. ९९०१ चं वर्गमूळ १०० च्या आत आहे, म्हणजे फार तर पंचवीस मूळ संख्या, २ पासून ९७ पर्यंत. एकानं बी भाग जात नाही, बसून करून बघा, दहा मिनटं लागतील. ९९०१ मूळ आहे.

५३२१ चं वर्गमूळ ७३ च्या आत. ७, ११, १३ आधीच बाद झालेत. १७ ची एक कसोटी आहे, शेवटचा आकडा काढायचा, त्याला ५ नं गुणायचं अन् उरलेल्यातून वजा करायचं. ५३२१ चा १ काढला, पाच एके पाच, ५३२ वजा ५, आले ५२७. परत ७ काढला, सात पंचे पस्तीस, ५२ वजा ३५, आले १७. जमलं! ५३२१ म्हणजे १७×३१३. अन् ३१३ चं वर्गमूळ अठराच्या आत, ७, ११, १३, १७ नं जात नाही, म्हणजे तो बी मूळ.

तर पूर्ण फोड अशी: ४३१००१४३१००१ = ३×३×३×३ × १७ × १०१ × ३१३ × ९९०१.

१७ बघून मला बरं वाटलं, सतरा सप्टेंबरवाला, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाचा आकडा आमच्या पिनमध्येच निघाला. योगायोग आहे, त्याच्यात काही शोधू नका. ३१३ मात्र खरंच गोड संख्याय, उलटी वाचली तरी ३१३, अन् कॉम्प्युटरच्या ०-१ च्या भाषेत १००१११००१, ती बी उलटी वाचली तरी तीच.

आता लेबलं.

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा आलाय त्यात एक मिळवा अन् सगळ्यांचा गुणाकार करा. ३ चार वेळा, म्हणून ५, बाकीचे चौघं एकेकदा, म्हणून २, २, २, २. पाच सोळा ऐंशी. बारा आकडी संख्येचे बरोबर ८० विभाजक, एक बी मोजावा लागला नाही.

विभाजकांची बेरीज काढायची तर ८१ साठी १+३+९+२७+८१ म्हणजे १२१, अन् बाकीच्यांसाठी नुसतं एक मिळवायचं, १८, १०२, ३१४, ९९०२. सगळ्यांचा गुणाकार ६९०७३३६५५५६८. त्यातून संख्या स्वतः वजा केली की राहतात २५९७३२२२४५६७, म्हणजे बाकीचे विभाजक मिळून बी आपल्या संख्येपेक्षा कमीच भरतात. असल्या संख्येला तुटीची म्हणायचं. बेरीज बरोबर भरली तर परिपूर्ण, ६ सारखी (१+२+३) किंवा २८ सारखी, जास्त भरली तर वरकड. खरं तर एवढा मोठा गुणाकार करायची बी गरज नव्हती. १२१ भागिले ८१ म्हणजे दीडच्या जरा आत, १८ भागिले १७ म्हणजे एकाच्या किंचित वर, बाकीचे तर एकाला चिकटूनच. सगळे गुणले तर साधारण १.६ होतात. २ च्या खाली म्हणजे तुटीची, विषय संपला. परिपूर्ण निघंल अशी आशा तर मुळातच नव्हती, कारण आपली संख्या विषम, अन् विषम परिपूर्ण संख्या आजवर कुणालाच सापडलेली नाही, असूच शकत नाही हे बी कुणी सिद्ध केलेलं नाही. विषम असून वरकड असते मात्र, सगळ्यात छोटी ९४५.

हर्षद आहे का? हे नाव आपल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं. देवळालीच्या शाळेत मास्तर होते, अन् शाळा सांभाळून आकड्यांशी खेळायचे. आकड्यांच्या बेरजेनं संख्येला भाग गेला की ती हर्षद. आमचा साधा पिन ४३१००१, बेरीज ९, भाग जातो, हर्षद. पण दोनदा लिहिला की बेरीज १८ होती, अन् संख्या राहती विषम, विषमला १८ नं भाग कसा जाणार? म्हणजे एकदा लिहिला तर हर्षद, दोनदा लिहिला तर गेला. भाच्याला हे माहीत नव्हतं, इथं मामानं एक गुण मारला. कापरेकरांचा ६१७४ हा आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो, चार आकडे उतरत्या-चढत्या क्रमानं लावून वजा करत गेलं की तिथंच येऊन थांबतो, फक्त चारी आकडे सारखे नसावेत. पण तो स्वतः बी हर्षद आहे हे किती जणांनी बघितलंय? बेरीज १८, अन् ६१७४ भागिले १८ म्हणजे ३४३, साताचा घन.

अजून एक लेबल, वर्गमुक्त. म्हणजे कुठलाच मूळ अवयव दोनदा येऊ नये. आपल्यात ३ चारदा आलाय, बाद.

एकपासून आपल्या संख्येपर्यंत किती संख्यांचा आपल्याशी मसावि १ येतो, हे बी फोडीवरून निघतं: ८१ साठी ५४, बाकीच्यांतून एक-एक वजा, १६, १००, ३१२, ९९००. गुणाकार २६६८७२३२००००. एवढं मोजायला कुणी बसलं असतं तर जन्म गेला असता.

आता माझं आवडतं, दोन वर्गांची बेरीज. कोणती संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज होऊ शकते? मूळ अवयवांना ४ नं भागा. ज्यांची बाकी ३ येती ते सगळे सम वेळा आलेले असले तर होती, नाहीतर नाही. फर्मा नावाच्या फ्रेंच वकिलानं १६४० मध्ये पत्रात यातला मूळ संख्यांचा भाग लिहून ठेवला होता, सिद्धता पुढच्या शतकात ऑयलरनं दिली. आपल्याकडं १७, १०१, ३१३, ९९०१ सगळ्यांची बाकी १, अन् ३ ची बाकी ३ असली तरी तो चारदा आलाय. पास! अन् करून बी दाखवता येतं, त्यासाठी ब्रह्मगुप्ताचं सूत्र, सन ६२८ चं: दोन वर्गांची बेरीज गुणिले दोन वर्गांची बेरीज परत दोन वर्गांचीच बेरीज होती. १७ म्हणजे १ अन् ४ चे वर्ग, ३१३ म्हणजे १२ अन् १३ चे वर्ग. तिरके-सरळ गुणायचे: १×१२ अन् ४×१३ ची वजाबाकी ४०, १×१३ अन् ४×१२ ची बेरीज ६१. ४० चा वर्ग १६००, ६१ चा ३७२१, मिळून ५३२१, बरोबर. ८१ हा ९ चा वर्ग, म्हणून दोघांना ९ नं गुणा, ३६० अन् ५४९. आमचा पिन म्हणजे ३६० चा वर्ग अधिक ५४९ चा वर्ग. १०००००१ हा तर १००० अन् १ चे वर्ग, परत तेच सूत्र, तर बारा आकडी संख्या येती ३५९४५१ चा वर्ग अधिक ५४९३६० चा वर्ग. मी कागदावर पडताळून बघितलं, शेवटच्या एकापर्यंत जुळतं. असे एकूण आठ प्रकार होतात, बाकीचे सात तुम्ही काढा.

मग भाच्याच्या लातूरचा घेतला, ४१३५१२. शेवटचे तीन आकडे ५१२, म्हणजे ८ नं जातोच. गटांची वजाबाकी ५१२ वजा ४१३, आले ९९, म्हणजे ११ जातो. बेरीज ९२५, म्हणजे पंचवीस वेळा ३७, तो बी जातो. उरले १२७, मूळ. दोन मिनटात फोड, २×२×२×११×३७×१२७. अन् ही वरकड! कारण ८×११ म्हणजे ८८, त्याच्या विभाजकांची बेरीज १८०, दुपटीपेक्षा म्हणजे १७६ पेक्षा जास्त, अन् वरकड संख्येची कुठलीबी पट वरकडच असती. म्हणून लातूर एकदा लिहा की दोनदा, वरकडच. पण दोन वर्गांची बेरीज नाही होत, ११ अन् १२७ दोघांची बाकी ३ अन् दोघं एकेकदाच. धाराशिवचा ४१३५०१ बी बघून घ्या, ५०१ वजा ४१३ म्हणजे ८८, ११ गेला, अन् उरला ३७५९१ तो अख्खा मूळ. नांदेडचा ४३१६०१ म्हणजे ३×४७×३०६१.

एवढं झाल्यावर भाचा म्हणला बारा आकडे काय, चोवीस बी फोडू. तेव्हा मी त्याला त्याच्या घरचाच पिन दिला. ताईचं घर परभणीला, ४३१४०१. दोनदा लिहायचा नाही, सहाच आकडे. म्हणलं जगात जर्मनी अन् भारतात परभणी, आता फोड.

मला आधीपासून माहीत होतं, कारण मी त्यात एकदा एक अख्खी दुपार घातली होती. बेरीज १३, म्हणजे ३ नाही. गटांची वजाबाकी ४०१ वजा ४३१, उणे ३०, म्हणजे ७, ११, १३ नाहीत. बेरीज ८३२, ३७ नाही. १७ नाही, १९ नाही, २३ नाही. वर्गमूळ ६५६ च्या जरा वर, म्हणजे तिथपर्यंत मूळ संख्या घेऊन भागत बसायचं. अन् मध्येच मनात येतं की ही मूळच असंल, सोडून द्यावं. तिथंच माणूस फसतो. तपासून संपलं नाही तोवर मूळ म्हणायचं नाही.

लांबी बघून घाबरायचं नसतं ते यासाठी. बारा आकडी संख्या आमची लगेच फुटली कारण तिचे अवयव छोटे होते नाहीतर ओळखीच्या साच्यातले होते. त्रास देणारी संख्या म्हणजे जिचे दोनच अवयव अन् दोन्ही बऱ्यापैकी मोठे. इंटरनेटवरची बरीच कुलपं असल्याच संख्यांवर चालतात, फक्त तिथले अवयव शेकडो आकडी असतात. २५० आकडी असली एक संख्या २०२० मध्ये फोडली, त्याला कॉम्प्युटरांचा ढीग लागला. संख्या मूळ आहे की नाही एवढंच विचारलं तर ते मात्र न फोडता बी कळतं, आयआयटी कानपूरच्या मनिंद्र अग्रवाल, नीरज कयाल अन् नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये त्याची पक्की अन् जलद पद्धत दिली. मूळ नाही हे कळलं म्हणून अवयव हातात येत नाहीत, ते वेगळं दुखणं.

असली संख्या हातानं फोडायची वेळ आलीच तर एक करा, बाद झालेल्या मूळ संख्या अन् त्यांची बाकी ओळीनं लिहून ठेवा. नाहीतर १३७ केला होता का १३९ असं होतंय अन् परत मागं जावं लागतंय. भाच्यानं ते केलं नाही. दीडशेच्या आसपास त्याचा घोळ झाला, परत पहिल्यापासून सुरुवात. ताई दोनदा जेवायला हाक मारून गेली, तिसऱ्यांदा माझ्याकडंच बघायली. बिचाऱ्यानं ७६ मूळ संख्या बाद केल्या अन् ७७ वी लावली तेव्हा आतल्या खोलीतून ओरडला, "मामा, तीनशे एकोणनव्वद! ३८९ गुणिले ११०९!"

ताई म्हणली, "झालं का आमच्या परभणीचं? आता ताटं घेते."